जावईबापूंचं ताट वेगळं

"जावईबापू झोपलेत. जरा हळू चाल."

बारीकाका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी खरंच हळू चालले. चपला काढून हातात घेतल्या. यांचे जावई रात्रपाळी करून आले असतील आणि इथेच कोपऱ्यात आडवे झाले असतील, असं मला वाटलं. कोपऱ्यात पाहिलं तर माणूस नव्हता. निळे तीन कॅन होते. प्रत्येक कॅन स्वतःच्या ट्रेमध्ये, एकमेकांपासून अंतर राखून बसलेला. वर भिंतीवर लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जावईबापू'.

ते ॲसिड होतं.

"आणि चपला घाल आधी," काका म्हणाले. "अनवाणी कोण येतं इथे? देऊळ आहे काय?"

मला हे सगळं नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. कॉलेजच्या अहवालात मी बारीकाकांबद्दल फक्त चार ओळी लिहिल्या, कारण आमच्या मॅडमनी सांगितलं होतं की अहवालात माणसं नकोत, पद्धती हव्यात. पण या स्टोअरची पद्धत म्हणजेच एक माणूस होता. म्हणून वेगळं लिहिते आहे.

डहाणूत फुगे बनतात, हे बाहेरच्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. कुठल्या तरी गावात कुणाचा तरी वाढदिवस असतो आणि छताला टांगलेला फुगा आमच्या इथल्या एखाद्या शेडमधून गेलेला असतो. मसोलीच्या पुढे असाच एक कारखाना आहे. रबराचं दूध, म्हणजे लॅटेक्स, ड्रममधून येतं. त्यात रंग मिसळायचा, साचे आधी नायट्रेटच्या पाण्यात आणि मग त्या दुधात बुडवायचे, भट्टीत सुकवायचे, फुगे सोलून काढायचे. दिसायला सगळं जत्रेसारखं रंगीत. पण त्या रंगामागे एक खोली असते. तिथे अमोनिया, ॲसिड, नायट्रेटच्या गोण्या, भट्टीचं डिझेल, मशिनचं ऑइल आणि टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडर असते. ती खोली म्हणजे स्टोअर, आणि स्टोअर म्हणजे बारीकाका.

आम्हाला शेवटच्या वर्षी ओजेटी असते. दोन महिने कामाच्या जागी जाऊन शिकायचं, रोज डायरी लिहायची, शेवटी तिथल्या वरिष्ठांची सही आणायची. मैत्रिणींना औषधांच्या कंपन्यांमधल्या लॅब मिळाल्या. मी यादीत नाव उशिरा दिलं, मला फुग्यांचं स्टोअर मिळालं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कैनाडला घरी आईला ओजेटी समजावून सांगताना मी म्हटलं, "पगार नसलेली नोकरी."

आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ती तर मी पण करते."

बारीकाकांचं आडनाव बारी. पण कामगार त्यांना 'बारीककाका' म्हणतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. अंगाने बारीक, अक्षर बारीक, आणि लक्षही बारीक. वय एकसष्ट. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात तीन मार्कर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. स्वतःच्या चष्म्यावर ते सेफ्टीचा चष्मा घालतात आणि जेवतानाही काढत नाहीत. पॅकिंगमधली रमीआत्या म्हणते, "भाजीतला खडा दिसावा म्हणून दोन चष्मे."

बोलण्यात गुजराती 'ने' मधेमधे येतो, तो इकडे सगळ्यांच्याच येतो. आणि दिवसातून पन्नासदा तरी एक वाक्य येतं, "बघून ठेव, ठेवून बघ." आधी जागा बघ, मग वस्तू ठेव, आणि ठेवल्यावर परत एकदा बघ. मी पहिल्या आठवड्यात स्वप्नातसुद्धा ठेवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी माझी मोठी फजिती झाली. काकांनी एक बंद बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही आत्याबाईंकडे ठेवून ये."

आत्याबाई कोण, हे मला माहीत होतं. पॅकिंगच्या शेडमध्ये रमीआत्या बसते. फुगे मोजण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही, आणि कारखान्यातले लहानथोर सगळे तिला आत्या म्हणतात. मी गेले, तिच्या डब्याशेजारी बाटली ठेवली आणि म्हटलं, "काकांनी दिलीय."

रमीआत्या लाजली. खरंच लाजली. "मला? काय हाय त्यात? अत्तर?"

तिने झाकणाला हात घातला आणि त्याच वेळी दारातून काका धावत आले. त्यांना धावताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. त्यांनी झडप घालून बाटली उचलली. त्यात अमोनिया होता. स्टोअरमध्ये अमोनियाचं नाव आत्याबाई आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"तिचा वास आधी येतो आणि ती मागून येते, म्हणून आत्याबाई," काकांनी मला तिथेच समजावलं.

हे ऐकून रमीआत्या उभी राहिली. "म्हंजी माझा वास येतो?"

"तुझं नाव नाही ने ते. ती दुसरी आत्या."

"दुसरी कुठली? तुझ्या बापाला तर बहीणच नव्हती."

काका बाटली छातीशी धरून गेले. संध्याकाळी भिंतीवरच्या 'आत्याबाई'पुढे 'मोठ्या' हा शब्द वाढलेला होता. त्या दिवसापासून अमोनिया मोठ्या आत्याबाई झाल्या आणि रमीआत्या दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरली की कारखान्यात आपण धाकट्या आहोत.

हळूहळू मला ते सगळं घर कळलं. स्टोअरच्या लांब भिंतीवर काकांनी लग्नाची पंगत काढली होती. कोण कुठे बसणार, कोण कोणाशेजारी बसणार नाही. ॲसिड म्हणजे जावईबापू. त्यांचा मान मोठा आणि रागही मोठा. त्यांना खालीच बसवायचं, उंच फळीवर चढवायचं नाही, ताट वेगळं द्यायचं. ताट म्हणजे खालचा ट्रे. कॅन गळला तरी जे काही होईल ते ताटात होईल. जावईबापू आणि मोठ्या आत्याबाई यांचं पटत नाही, समोरासमोर आले की धूर निघतो. ब्लीचिंग पावडर म्हणजे नणंदबाई. तिचं कोणाशीच पटत नाही. तिला वेगळं कोरडं कपाट, आणि कपाटाला कुलूप. वाळूच्या लाल बादल्या म्हणजे मध्यस्थ. काही सांडलं, बिघडलं की आधी त्यांना बोलवायचं. आणि दाराशी सिमेंटचा एक वीतभर उंच कठडा होता, तो उंबरा. "तेल उंबऱ्याबाहेर गेलं म्हणजे घरातलं भांडण रस्त्यावर गेलं," काका म्हणायचे.

आणखी एक नियम होता. कुठल्याही बाटलीवर, डब्यावर नाव नसेल तर काका ती आत घेत नसत. शेठचा पाण्याचा थर्मास त्यांनी एकदा दाराबाहेर ठेवून दिला होता. शेठ विचारायला आले, तर म्हणाले, "आत काय आहे कळायला नको?"

"पाणी आहे."

"असं तुम्ही म्हणता ने. थर्मास नाही म्हणत."

हे सगळं सुरू कसं झालं, ते मला रमीआत्याने सांगितलं. आम्ही दुपारी घोलवडचे चिकू खात बसलो होतो, तिच्या बहिणीने पाठवलेले. पूर्वी भिंतीवर माल पुरवणाऱ्यांनी दिलेले इंग्रजी कागद लावलेले होते. एकदा कोणीतरी डिझेलचा कॅन नायट्रेटच्या गोण्यांवर ठेवून गेलं. काकांनी तो पाहिला आणि सगळं काम बंद करून सर्वांना अंगणात बसवलं. नायट्रेट स्वतः पेटत नाही, पण पेटलेल्याला जोर देतं, तेल आणि ते एकत्र नकोत, असं तासभर सांगितलं. ऑक्सिडायझर हा शब्द सात वेळा आला. सगळे माना डोलवत होते. काकांनी विचारलं, "काय समजलं?" कोणी बोलेना.

"मग मीच बोलली," रमीआत्या म्हणाली. "म्हटलं, म्हंजी मामा-भाचे. एका होडीत नाय बसवायचे."

आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. मामा आणि भाचा एकाच होडीतून खाडी पार करत नाहीत. का, ते कोणी विचारत नाही, पण कोणी मोडतही नाही. काका म्हणे मग उठले, खिशातला मार्कर काढला आणि डिझेलवर 'मामा' आणि गोण्यांच्या फळीवर 'भाचा' असं लिहून आले. त्यानंतर तो कॅन त्या गोण्यांजवळ कधी गेला नाही. पुढच्या महिनाभरात उरलेल्या सगळ्यांची नाती लागली.

दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. स्टोअरमध्ये दिवा आणि उदबत्ती न्यायला काकांनी मनाई केली. भटजी म्हणाले, दिव्याशिवाय पूजा कशी? काकांनी दिवाळीच्या माळेतला एक बॅटरीवरचा दिवा आणून मामांपासून चार हातांवर ठेवला. भटजी म्हणाले, हा चालत नाही. काका म्हणाले, "तुम्ही मामांना ओळखत नाही ने." शेवटी मंत्र उंबऱ्याबाहेरून म्हटले गेले आणि नारळही बाहेरच फुटला. प्रसाद मात्र काकांनी स्वतः आणला, कागदाच्या पुडीत, पुडीवर लिहिलेलं, 'खोबरं'.

माझा दीड महिना असा मजेत गेला. आणि मग ऑडिटची बातमी आली.

परदेशातलं एक खेळण्यांचं दुकान आमचे फुगे घेणार होतं. त्याआधी त्यांच्या वतीने मुंबईहून मॅडम येऊन कारखाना तपासणार होत्या. छोटे शेठ, म्हणजे शेठचे चिरंजीव, स्टोअरमध्ये आले आणि पंगतीच्या भिंतीसमोर उभे राहिले. ते वाईट माणूस नाहीत. पण त्यांचे कान लाल झाले होते.

"काका, ऑडिटवाले हे वाचतील. जावईबापू, नणंदबाई. आपलं हसं होईल."

"वाचू दे ने. खरं तेच लिहिलंय."

"स्टँडर्ड चार्ट लागतो. चित्रांचा. जगात सगळीकडे एकच असतो." मग ते थोडं थांबून म्हणाले, "आणि काका, निवृत्तीनंतर तुमची मुदत आपण दोन वर्षं वाढवत आलोय. स्टोअर नापास झालं तर मला ते बाहेरच्या एजन्सीकडे द्यावं लागेल. मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

काकांनी मान हलवली. कमरेच्या किल्ल्या एकदा चाचपल्या आणि मोठ्या आत्याबाईंचं झाकण घट्ट आहे का, ते बघायला गेले.

चार्ट करायचं काम माझ्याकडे आलं. मी केमिस्ट्रीची, मला ती चित्रं पाठ होती. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी चार्ट केला, लाल चौकटीतली सगळी चित्रं नीट लावली आणि मोठा छापून आणला. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान वाटत होता. काकांनी तो दोन्ही चष्म्यांतून पाहिला.

"छान झालाय, कॉलेजबाय. कोणाला कळणार?"

मला थोडं लागलं. मी चार्ट घेऊन सुरेशभाऊंकडे गेले. सुरेशभाऊ तलासरीकडच्या पाड्यावरून येतात आणि भट्टी सांभाळतात. वयाने माझ्या वडिलांएवढे, अतिशय लाजाळू. मी त्यांना ॲसिडचं चित्र दाखवलं. त्यात एका नळीतून थेंब हातावर पडतात आणि हात झिजतो.

सुरेशभाऊंनी बराच विचार केला. "हात धुवायची जागा."

 मी त्यांना तीनदा समजावलं. त्यांनी तीनदा होकार दिला. गोलावर ज्वाळा असलेलं नायट्रेटचं चित्र मी रमीआत्याला दाखवलं, तर ती म्हणाली, "लाडू करपलाय." मी छोट्या शेठना जाऊन सांगितलं की चित्रांशेजारी मराठी शब्द हवेत, आणि काकांचेच शब्द हवेत. पण माझा आवाज इतका बारीक निघाला की ते फोनवर बोलत बोलत "हो, हो, समजावून सांग त्यांना" म्हणाले आणि निघून गेले. मी परत बोलायला हवं होतं. बोलले नाही.

ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगारी आला. काका बाजूला उभे राहून बघत होते. मला वाटलं, ते काहीतरी म्हणतील. ते एकदाच बोलले. रंगाऱ्याच्या टर्पेंटाइनच्या डब्यावर नाव नव्हतं. काकांनी त्याला डबा उंबऱ्याबाहेर न्यायला लावला, आणि मार्कर काढून स्वतः त्यावर नाव लिहिलं. मग त्यांच्या देखत मामा, भाचा, जावईबापू एकेक करून पांढरे झाले. वर माझा चार्ट लागला.

ऑडिटच्या मॅडम उंच होत्या आणि कमी बोलत होत्या. ट्रे पाहिले, कठडा टेपने मोजला, कपाटाचं कुलूप ओढून पाहिलं, झाकणं पाहिली. बोट दाखवावं असं काही मिळेना. छोट्या शेठनी काकांना एक शब्दही न बोलण्याची ताकीद दिली होती, म्हणून काका तोंड घट्ट मिटून उभे होते. मग मॅडम म्हणाल्या, "आता मी एखाद्या कामगाराशी बोलते." आणि नेमके सुरेशभाऊ समोर आले.

त्यांनी माझ्या चार्टवरच्या ॲसिडच्या चित्रावर पेन ठेवलं. "हे काय सांगतंय?"

सुरेशभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "हात धुवायचे." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "नाय धुवायचे."

"धुवायचे की नाही धुवायचे?"

सुरेशभाऊंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मॅडमनी काहीतरी लिहिलं. छोट्या शेठनी रुमाल काढला. मग मॅडमनी डिझेलचा कॅन दाखवला. "बरं. हा भरलेला आला, तर तुम्ही कुठे ठेवाल?"

सुरेशभाऊंनी पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांचे ओठ हलले, पण त्यांनी शब्द पाळला. ते नुसते उभे राहिले, आणि त्यांचा हात किल्ल्यांवर होता. मला दिसत होतं की आणखी एक मिनिट असंच गेलं तर त्या किल्ल्या दुसऱ्या कोणाच्या कमरेला जाणार.

मी कॉलेजात वर्गात कधी प्रश्नसुद्धा विचारत नाही.  पण मी म्हटलं, "सुरेशभाऊ, मामा आलेत. कुठं बसवायचे?"

"मामा?" सुरेशभाऊंचे खांदे खाली आले. "मामा हिकडं. ताटात. भाचा पार तिकडं, त्या भिंतीच्या पल्याड. दोगं एका होडीत नाय."

मॅडम थांबल्या. "मामा कोण?"

"डिझेल," मी म्हटलं. "भाचा म्हणजे नायट्रेट."

मॅडमनी पेन खाली घेतलं. त्यांनी ॲसिडच्या कॅनकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

"ते जावईबापू. त्यांच्या शेजारी कोण नाय. मोठी आत्या तर समोर पण नाय."

"यात पाणी मिसळायचं असलं तर?"

सुरेशभाऊ आता रंगात आले होते. "पाणी जावयावर नाय टाकायचं, उसळतो. जावयाला पाण्याकडं न्यायचं. हळूहळू. हातमोजे घालून."

"आणि सांडलं तर?"

"मध्यस्थ," मागून रमीआत्या म्हणाली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. "लाल बादलीवाले. आणि उंबऱ्याच्या आत मिटवायचं. बाहेर नाय जाऊ द्यायचं."

मग तर पॅकिंगमधल्या सगळ्या बायका दाराशी जमल्या. मॅडम विचारत गेल्या आणि कोणीही अडखळलं नाही. नणंदबाईच्या कुलपाची किल्ली कोणाकडे, हे त्या पाच-सहा जणींनी एका सुरात सांगितलं. मॅडम हसत नव्हत्या, पण त्यांना हसू दाबायला बरेच कष्ट पडत होते.

"हे सगळं कुठे लिहिलंय?" शेवटी त्यांनी विचारलं.

छोट्या शेठनी हळूच काकांकडे पाहून मान हलवली, म्हणजे बोला.

"लिहिलं होतं," काका म्हणाले. "पांढऱ्या रंगाखाली आहे."

मॅडम भिंतीजवळ गेल्या. रंगाऱ्याने एकच हात मारला होता. नीट पाहिलं तर पांढऱ्यातून फिकट गुलाबी अक्षरं दिसत होती. त्यांनी डोकं वाकडं करून एकेक अक्षर वाचलं. मग विचारलं, "काका, तुमच्या या पंगतीत मी कोण?"

"तुम्ही विहीणबाई," काका तत्काळ म्हणाले. "सगळं उघडून बघणार, नाक मुरडणार, आणि जेवून जाणार."

तेव्हा मात्र मॅडम हसल्या, आणि जेवूनही गेल्या. स्टोअर पास झालं. शेरा एवढाच होता की ठरलेल्या चित्रांशेजारी कामगारांना समजणारे शब्द महिन्याच्या आत लिहावेत. म्हणजे माझी चित्रं राहिली आणि काकांची नाती परत आली. ती अक्षरं रंगवायचं काम मी आणि सुरेशभाऊंनी केलं. काका खाली उभे राहून शुद्धलेखन तपासत होते.

छोट्या शेठनी सगळ्यांसमोर सांगितलं की काकांचे हातपाय चालतात तोवर स्टोअर काकांचं. वर खुशीने म्हणाले, "आणि काका, चार दिवस भरपगारी सुट्टी."

काकांचा चेहरा पडला. "सुट्टी कशाला? मी काय केलं?"

त्या सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी माझी ओजेटी संपत होती आणि डायरीवर काकांची सही राहिली होती. म्हणून मी मसोलीला त्यांच्या घरी गेले. एका घरामागची भाड्याची खोली. काका दारातच बसले होते, मला पाहून इतक्या घाईने उठले की त्यांचा चष्मा खाली पडला. घरी ते एकच चष्मा घालतात.

"ये, ये, कॉलेजबाय. बस. चहा करतो."

बसायला खुर्ची एकच होती, ती त्यांनी मला दिली. मी सहज भिंतीवरच्या फळीकडे पाहिलं आणि माझे डोळे तिथेच राहिले. एकसारख्या आठ-दहा बाटल्या. कशावरच नाव नव्हतं. एकीत काहीतरी पिवळं, बहुधा गोडेतेल. शेजारी तसंच पिवळं, संडासात टाकायचं ॲसिड असावं. मग पांढरट फिनेल, निळं रॉकेल, पाण्यासारखं दिसणारं व्हिनेगर किंवा आणखी काही. सगळी एका फळीवर, खांद्याला खांदा लावून. काकांनी न बघता हात वर केला, बरोबर एक बाटली काढली आणि पातेल्यात पाणी ओतलं.

"काका, नाव कुठाय?" मला राहवलं नाही.

"मला माहीत आहे ने, कुठली कुठली."

"पण दुसऱ्या कोणी चुकून घेतली तर?"

काकांनी खोलीत चहूकडे पाहिलं. स्टोअरमध्ये गोण्या मोजताना बघतात तसं, शांतपणे, कोपऱ्याकोपऱ्यात.

"दुसरं कोण?" ते म्हणाले.

चहा उकळला. कप एकच होता, तोही माझ्याकडे आला. ते वाटीतून पिऊ लागले. त्यांनी डायरीवर बारीक अक्षरात सही केली, तारीख घातली, सही वाळली का ते बघितलं. मी निघायला हवं होतं. पण उठले नाही, आणि जे बोलले ते ठरवून बोलले नाही.

"आईला तुम्हाला भेटायचंय. रविवारी येऊ का आम्ही? रमीआत्या पण येईल म्हणते." रमीआत्या असं काही म्हणाली नव्हती, पण ती येणार, हे मला माहीत होतं. "आणि माझी भाची आहे, बहिणीची मुलगी. तिला घरी ठेवून येता येणार नाही. चार वर्षांची आहे. दिसेल ते तोंडात घालते."

काकांची वाटी ओठांपाशीच थांबली. "चार वर्षांची?"

"हो."

त्यांनी वाटी खाली ठेवली. उठले. सेफ्टीचा चष्मा खुंटीवर होता, तो घातला. मग फळीकडे, खाली ठेवलेल्या स्टोव्हकडे, मोरीतल्या डब्याकडे आळीपाळीने पाहिलं, जणू ही खोली त्यांना आजच कोणी ताब्यात दिली होती.

"तिचा हात कुठवर पोचतो?"

मी उभी राहिले आणि अंदाजाने भिंतीवर हात ठेवला.

"टाचा उंचावून?"

मी हात थोडा वर घेतला. काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या बोटांच्या टोकापाशी भिंतीवर एक आडवी रेघ ओढली. त्या रेघेच्या खाली जे जे होतं ते आम्ही उचलायला लागलो. मग काका फळीवरची एकेक बाटली हातात घेऊन मला नाव सांगत होते आणि मी मार्करने लिहीत होते. मधेच ते थांबले, भिंतीजवळ परत गेले आणि पहिल्या रेघेच्या चार बोटं वर त्यांनी दुसरी रेघ ओढली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या वर्षी," काका म्हणाले. "पोरं वाढतात ने."